अमेरिकेतलं हॉस्पिटलचं बिल: माफीच्या पत्राची वाट बघू नका, फॉर्म मागा

नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी आणि मॉरिसव्हिल भागात मराठी घरं पुष्कळ आहेत. गणपतीत किंवा दिवाळी फराळाला भेटलं की गेली दोन वर्षं कुणी ना कुणी मला बाजूला घेऊन विचारतंच, "ताई, राज्य सरकार हॉस्पिटलची बिलं माफ करतंय म्हणे. अर्ज कुठे करायचा?"

अर्ज नाही. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा उतरतो, आणि मग मला पुढचं घाईने सांगावं लागतं: त्या माफीला अर्ज नाही, पण हॉस्पिटलच्या सवलतीला आहे. तो अर्ज घेणं ना-नफा हॉस्पिटलांना कायद्याने बंधनकारक आहे आणि पहिलं बिल निघालं त्या दिवसापासून त्याची मुदत धावायला लागलेली असते. लोक माफीची वाट बघत बसतात आणि सवलतीची मुदत हातची जाते. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की शेवटी सगळं एका जागी लिहून काढायचं ठरवलं.

मी वकील नाही. आधी घरचं एक बिल आणि मग ओळखीतल्यांची बरीच बिलं हाताळताना जे शिकले ते इथे आहे.

माफी म्हणजे नेमकं काय

महाराष्ट्रातली कर्जमाफी आपल्याला माहीत आहे. याद्या लागतात, आधार प्रमाणीकरण होतं, मग कर्जखात्यात रक्कम येते. अमेरिकेतल्या राज्यांची वैद्यकीय कर्जमाफी अशी चालत नाही. तिच्या दोन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा म्हणजे कर्ज विकत घेऊन फाडून टाकणं. थकलेली बिलं हॉस्पिटलं वसुली कंपन्यांना कवडीमोलाने विकतात. २०१४ मध्ये वसुलीच्याच धंद्यातून बाहेर पडलेल्या क्रेग अँटिको आणि जेरी अॅश्टन या दोघांनी एक संस्था काढली. तिचं आजचं नाव अनड्यू मेडिकल डेट. ही संस्था हीच थकबाकी गठ्ठ्याने विकत घेते, साधारण १०० डॉलरच्या कर्जाला १ डॉलर या भावाने, आणि रद्द करते. कोविडनंतर केंद्राकडून राज्यांना आणि काउंट्यांना जो निधी मिळाला, त्यातला थोडा काहींनी या कामाला दिला. २०२२ मध्ये शिकागोच्या कुक काउंटीने सुरुवात केली. राज्यांमध्ये पहिलं नाव कनेटिकटचं. गव्हर्नर नेड लॅमाँट यांनी २०२४ च्या फेब्रुवारीत ६५ लाख डॉलर बाजूला काढून सुमारे १०० कोटींचं कर्ज रद्द करण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी न्यू जर्सीने पहिल्या फेरीत सुमारे १८ हजार लोकांचं जवळजवळ १० कोटी डॉलरचं कर्ज रद्द केलं. अॅरिझोना आणि इलिनॉय यांनीही हाच मार्ग धरला.

या गठ्ठ्यात तुमचं बिल आहे की नाही हे तुमच्या हातात नसतं. कुटुंबाचं उत्पन्न केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या (आकडे पायरी ४ मध्ये) चौपटीच्या आत असावं किंवा वैद्यकीय कर्ज वार्षिक उत्पन्नाच्या ५ टक्के किंवा त्याहून जास्त असावं, ही संस्थेची अट. पण अट बसली तरी तुमच्या हॉस्पिटलने किंवा वसुली कंपनीने ते कर्ज संस्थेला विकलेलं असायला हवं. नशिबात असेल तर एक दिवस पत्र येतं. म्हणून "तुमचं नाव यादीत टाकतो, ५० डॉलर भरा" असा फोन आला तर तो खोटाच समजा. माफीसाठी कुणीही पैसे मागत नाही.

दुसरी तऱ्हा नॉर्थ कॅरोलायनाची, आणि मला ती जास्त शहाणपणाची वाटते. २०२४ च्या जुलैत तेव्हाचे गव्हर्नर रॉय कूपर यांनी हॉस्पिटलांपुढे एक सौदा ठेवला: मेडिकेडच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी विम्याच्या, रुग्णांसाठी राज्य तुम्हाला वाढीव दर देईल, बदल्यात जुनी थकबाकी सोडा आणि पुढचे नियम सुधारा. महिन्याभरात राज्यातली सगळीच्या सगळी ९९ हॉस्पिटलं तयार झाली. १ जानेवारी २०१४ पासूनची थकबाकी यात आली. सुरुवातीचा अंदाज ४०० कोटी डॉलरचा होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये गव्हर्नर जॉश स्टाइन यांनी सांगितलेला आकडा होता ६५० कोटींहून अधिक, आणि लोक २५ लाखांवर.

सगळे बोलतात ते या आकड्यांबद्दल. मला मोलाचा वाटतो तो सौद्यातला पुढचा भाग. २०२५ पासून दारिद्र्यरेषेच्या तिपटीपर्यंत उत्पन्न असलेल्या रुग्णांना या हॉस्पिटलांनी ५० ते १०० टक्के सवलत द्यायची, पात्र रुग्ण स्वतःहून शोधायचे, व्याज ३ टक्क्यांच्या वर न्यायचं नाही आणि थकबाकी क्रेडिट एजन्सीला, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला, कळवायची नाही.

मला असं वाटण्यामागे एक कारण आहे. २०१८ ते २०२० या काळात ८३,४०१ लोकांचं मिळून १६.९ कोटी डॉलरचं कर्ज रद्द करून चार अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा परिणाम तपासला. २०२४ च्या एप्रिलमध्ये निष्कर्ष आले. त्या लोकांच्या आर्थिक स्थितीत आणि मनःस्वास्थ्यात सरासरीने फरक दिसलाच नाही. वर्षानुवर्षं कलेक्शनमध्ये, म्हणजे वसुली कंपनीकडे, पडून राहिलेलं बिल माफ होईपर्यंत जे नुकसान व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मदत बिल ताजं असताना मिळायला हवी. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या पहिल्या काही महिन्यांसाठी आहेत.

पायरी १: काउंटरवर सही करताना

बिलाचं भांडण खरं तर इथे सुरू होतं. इमर्जन्सीत गेल्यावर कार्ड असो वा नसो, तपासणं आणि प्रकृती स्थिर करणं हॉस्पिटलला भाग आहे. १९८६ चा केंद्रीय कायदा तसं सांगतो. त्यामुळे "आधी पैसे भरा, मग डॉक्टर बघतील" असं कुणी म्हणालं तर घाबरून कार्ड पुढे करू नका.

रजिस्ट्रेशनची बाई टॅबलेट पुढे करते आणि आपण न वाचता सह्या करत जातो. त्यातली एक सही पैशांच्या जबाबदारीची असते. नवरा-बायको किंवा स्वतःची लहान मुलं असतील तर प्रश्न वेगळा. पण भारतातून आलेल्या आई-वडिलांसाठी मुलाने किंवा मुलीने "गॅरंटर" म्हणून सही केली की बिल तुमच्या नावावर येतं. माझ्या सासूबाई नाशिकहून आल्या होत्या, बाथरूममध्ये पाय घसरला, आणि मी त्या रात्री तेच केलं. नंतर सवलतीचा अर्ज भरला तेव्हा त्यांच्या पेन्शनऐवजी आमच्या घरचं उत्पन्न मोजलं गेलं. सही करायचीच तर रुग्णाची प्रतिनिधी म्हणून करा आणि तसं लिहा. (पेनसिल्व्हेनियासारख्या काही राज्यांत आई-वडिलांच्या खर्चाची जबाबदारी मुलांवर टाकणारे जुने कायदे आहेत. तिथे वकिलाला विचारलेलं बरं.)

आणखी एक. आई-बाबांना इंग्रजी अवघड जात असेल तर दुभाषी मागा. फोनवरून मराठी दुभाषी मिळतो आणि तो फुकट देणं हॉस्पिटलचं काम आहे. सून मधे उभी राहून "पोटात कळ येते"चं भाषांतर करते त्यातून पुष्कळ काही निसटतं. तसं अर्धवट भाषांतर आजाराच्या नोंदीत जातं आणि पुढे इन्शुरन्सच्या क्लेममध्ये आडवं येतं.

पायरी २: पाकिटं आली की पैसे भरू नका, आधी जुळवा

एका भेटीची चार-पाच पाकिटं येतात: हॉस्पिटल, इमर्जन्सीचे डॉक्टर, रेडिओलॉजी, लॅब, अँब्युलन्स. शिवाय इन्शुरन्सकडून एक कागद येतो, ज्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं की हे बिल नाही. तोच सर्वांत महत्त्वाचा. त्यात "तुमची जबाबदारी" म्हणून जो आकडा असतो तो हॉस्पिटलच्या बिलाशी जुळला पाहिजे. जुळत नसेल तर आधी इन्शुरन्सला फोन.

मग हॉस्पिटलकडून तपशीलवार बिल मागा, ओळ-ओळ आणि कोडसकट. पहिल्या पाकिटात नुसता एकूण आकडा असतो, त्यावरून काहीच कळत नाही. टेक्ससमध्ये तर २०२३ पासून असं तपशीलवार बिल दिल्याशिवाय हॉस्पिटलला वसुलीच करता येत नाही. सासूबाईंच्या बिलात एकच एक्स-रे दोनदा लावलेला होता. तो काढायला तीन फोन लागले, पण निघाला.

इन्शुरन्स असूनही इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरचा, म्हणजे इन्शुरन्स कंपनीशी करार नसलेला, डॉक्टर आला आणि त्याने वेगळं मोठं बिल पाठवलं, तर जानेवारी २०२२ पासूनचा केंद्रीय कायदा तुमच्या बाजूला आहे. तुमच्याकडून नेटवर्कमधल्यापेक्षा जास्त घेता येत नाही. जमिनीवरची अँब्युलन्स मात्र त्यात येत नाही. इन्शुरन्स नसेल आणि उपचार आधी ठरवून घेतले असतील तर लेखी अंदाज मागा. प्रत्यक्ष बिल त्या अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा जास्त चढलं तर १२० दिवसांत तक्रार करता येते.

इन्शुरन्सने क्लेम नाकारला असेल तर अपिलाला १८० दिवस असतात. अपील आणि सवलतीचा अर्ज एकाच वेळी चालू शकतात. एकाचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्याची मुदत थांबेल असं धरू नका.

पायरी ३: दोन तारखा लिहून ठेवा

ना-नफा हॉस्पिटलांना केंद्राच्या करातून सूट असते. त्या बदल्यात करकायद्याच्या ५०१(आर) कलमाने त्यांच्यावर काही अटी घातल्या आहेत: लेखी सवलत धोरण ठेवायचं, ते वेबसाइटवर टाकायचं, साध्या भाषेतला गोषवारा द्यायचा. डिस्चार्जनंतरचं पहिलं बिल निघाल्यापासून २४० दिवस अर्ज स्वीकारायचा, आणि पहिले १२० दिवस कोर्ट, क्रेडिट रिपोर्ट, पगारजप्ती असलं कठोर पाऊल उचलायचं नाही.

उदाहरण घ्या. पहिलं बिल १० मार्च २०२६ चं असेल तर ८ जुलैपर्यंत तुम्ही तुलनेने सुरक्षित आहात आणि ५ नोव्हेंबरपर्यंत अर्ज करता येतो. फ्रीजवर लावा या तारखा. बिल कलेक्शन एजन्सीकडे गेलं असलं तरी २४० दिवसांच्या आत हॉस्पिटलने अर्ज घ्यायचाच असतो, हे हॉस्पिटलच्या बिलिंगमधल्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं.

हॉस्पिटल खासगी नफ्याचं असेल तर हे कलम लागू नाही. तिथे राज्याचा कायदा बघावा लागतो. बऱ्याच नफ्याच्या हॉस्पिटलांचंही सवलत धोरण असतं, तेव्हा विचारायला हरकत नाही.

पायरी ४: आपण बसतो का? बहुतेक वेळा वाटतं त्यापेक्षा जास्त जण बसतात

"आपण काही गरीब नाही." हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे! एकट्याच्या पगारावर चालणारं घर, दोन मुलं, डाउन पेमेंटसाठी साठवलेले पैसे बिलात चालले आहेत, आणि तरीही फॉर्म मागायचा संकोच. तो समजते मी. आपल्याकडे फुकटचं घेणं म्हणजे कुणाचं तरी उपकाराचं ओझं. पण ही भीक नव्हे. या सवलतीच्या बदल्यात हॉस्पिटलने करसूट घेऊन झालेली आहे.

मोजपट्टी केंद्राच्या दारिद्र्यरेषेची. २०२५ च्या आकड्यांप्रमाणे एका माणसाला वर्षाला १५,६५० डॉलर, दोघांना २१,१५०, चौघांच्या कुटुंबाला ३२,१५०. हे आकडे दर जानेवारीत थोडे वाढतात. सवलत मिळते ती याच्या पटीत. चौघांच्या घरासाठी दुप्पट म्हणजे ६४,३००, तिप्पट ९६,४५०, चौपट १,२८,६००. कुठल्या पटीला किती सवलत हे प्रत्येक हॉस्पिटलच्या धोरणात असतं. दुपटीपर्यंत पूर्ण माफी आणि पुढे उतरत्या क्रमाने सवलत, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं.

एमएस करायला पुण्याहून आलेला एक मुलगा आमच्या ओळखीचा. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. विद्यापीठाचा इन्शुरन्स होता, तरी त्याच्या वाट्याला चार हजारांवर आले. रिसर्च असिस्टंटचा पगार वर्षाला वीस हजारांच्या आसपास. क्रेडिट कार्डावर टाकून मोकळा होणार होता. इन्शुरन्स असलेल्यालाही डिडक्टिबलच्या (इन्शुरन्सने पैसे देण्याआधी आपण भरायच्या) रकमेवर सवलत मागता येते हे त्याला माहीतच नव्हतं. फॉर्म भरला, पाच आठवड्यांनी पत्र आलं, बाकी शून्य.

नोकरी गेली असेल तर मागच्या वर्षीचा टॅक्स रिटर्न लावून थांबू नका. नोकरी गेल्याचं पत्र जोडा आणि आजचं उत्पन्न मोजा म्हणून लिहा. एच-वन-बीवरच्या लेऑफमध्ये हा मुद्दा फार कामी येतो.

पायरी ५: फॉर्म

बिलिंगला फोन करून "मला पैसे भरणं कठीण जातंय" असं म्हटलं तर ते लगेच हप्त्यांची योजना पुढे करतात. हप्ते नाही, "फायनान्शियल असिस्टन्स"चा अर्ज हवा आहे असं म्हणा. काही ठिकाणी त्यालाच चॅरिटी केअर म्हणतात. हे शब्द उच्चारले की फोन दुसऱ्या माणसाकडे जातो. त्याच फोनवर सांगा की निकाल लागेपर्यंत खातं कलेक्शनला पाठवू नका, आणि बोलणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ वहीत लिहा.

जोडायची कागदपत्रं बहुतेक ठिकाणी सारखीच: शेवटच्या दोन-तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, मागचा टॅक्स रिटर्न, बँकेची स्टेटमेंट्स, पत्त्याचा पुरावा. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर तो रकाना मोकळा सोडा आणि शेजारी "नाही" लिहा. त्यावाचूनही अर्ज होतो.

भारतातल्या खात्यांचं काय, असं हमखास विचारलं जातं. फॉर्म जे विचारेल त्याचं खरं उत्तर द्या. मालमत्ता विचारली असेल तर एफडी लिहावी लागेल, विचारलीच नसेल तर सांगायची गरज नाही. खोटी सही करू नका. व्हिसावर असणाऱ्याने तर मुळीच नाही.

अर्जासोबत अर्ध्या पानाचं पत्र जोडा असा माझा आग्रह असतो. काय झालं, घरात माणसं किती, उत्पन्न किती, भाडं किती, हे सरळ लिहायचं. फॉर्मच्या चौकटीत न बसणारी गोष्ट, उदाहरणार्थ भारतात आई-वडिलांना दरमहा पाठवायचे पैसे, तिथे सांगता येते. सगळ्याची प्रत ठेवा. टपालाने पाठवत असाल तर पोच मिळेल अशा सेवेने पाठवा. पोर्टलवर टाकलंत तर स्क्रीनशॉट काढा. "अर्ज मिळालाच नाही" हे उत्तर मी एकाच हॉस्पिटलकडून तीनदा ऐकलं आहे.

व्हिसावाल्यांची एक रास्त भीती असते: यामुळे ग्रीन कार्ड अडकेल का? हॉस्पिटलने स्वतःच्या बिलात दिलेली सवलत ही सरकारची रोख मदत नव्हे. २०२२ च्या नियमाप्रमाणे पाहिली जाते ती रोख सरकारी मदत आणि सरकारी खर्चाने संस्थेत दीर्घकाळ राहणं. पण तो नियम मागे घेण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेला आहे, आणि हॉस्पिटलवाले पुष्कळदा सवलतीआधी मेडिकेडचा अर्ज भरायला सांगतात. मेडिकेडच्या कागदावर सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला एक फोन करा.

फॉर्मची भीती वाटत असेल तर डॉलर फॉर नावाची ना-नफा संस्था तो भरायला विनामूल्य मदत करते. न्यूयॉर्कमध्ये कम्युनिटी हेल्थ अॅडव्होकेट्स आहेत.

पायरी ६: तुमच्या राज्याने आणखी काय दिलं आहे ते बघा

इथे राज्याराज्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

न्यू जर्सीत, म्हणजे एडिसनपासून जर्सी सिटीपर्यंत आपले इतके लोक आहेत तिथे, राज्याची स्वतःची चॅरिटी केअर योजना आहे. दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत पूर्ण माफी, तिपटीपर्यंत अंशतः, मात्र मालमत्तेची मर्यादा कडक: एकट्याला ७,५०० आणि कुटुंबाला १५,००० डॉलर. त्यात न बसणाऱ्यांसाठी दुसरा कायदा आहे आणि तो फार कमी जणांना माहीत आहे. इन्शुरन्स नसलेल्या रहिवाशाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या पाचपटीच्या आत असेल तर हॉस्पिटलला मेडिकेअरच्या (प्रामुख्याने ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याच्या) दराच्या ११५ टक्क्यांहून जास्त आकारता येत नाही. छापील दर आणि हा दर यांत कित्येकदा काही पटींचं अंतर असतं. शिवाय जुलै २०२४ मध्ये तिथे लुइसा कार्मन कायदा झाला. गव्हर्नरच्या कार्यालयात या मसुद्यावर काम करणारी ही तरुण मुलगी २०२४ च्या पहिल्याच दिवशी अपघातात गेली, तिचं नाव कायद्याला दिलं. व्याज वर्षाला ३ टक्क्यांच्या आत, पहिल्या बिलानंतर १२० दिवस वसुली नाही, आणि सहापटीखालच्या उत्पन्नाला पगारजप्ती नाही.

न्यूयॉर्कने ऑक्टोबर २०२४ पासून हॉस्पिटलची सवलत चौपटीपर्यंत नेली, अर्जाची मुदत काढून टाकली आणि इमिग्रेशन स्थिती बघायला मनाई केली. चौपटीखालच्या रुग्णावर हॉस्पिटलला दावा लावता येत नाही. हॉस्पिटलच्या बिलासाठी पगार जप्त करायला आणि राहत्या घरावर बोजा चढवायला २०२२ पासूनच बंदी आहे. कॅलिफोर्नियातही चौपटीपर्यंत सवलत आहे. कोलोरॅडोत अडीचपटीपर्यंतच्या रुग्णाचा हॉस्पिटलचा हप्ता महिन्याच्या उत्पन्नाच्या ४ टक्क्यांवर जात नाही आणि ३६ हप्ते झाले की उरलेलं सुटतं. ही तरतूद मला या सगळ्यांत माणुसकीची वाटते, कारण कर्जाला शेवट आहे.

टेक्ससमध्ये असं काही मोठं कवच नाही. तिथे ५०१(आर) हाच आधार. पण वैद्यकीय बिलासाठी पगारजप्ती तिथे होत नाही, नॉर्थ कॅरोलायनातही नाही.

क्रेडिट स्कोअरची गोष्ट सध्या गुंतागुंतीची झाली आहे. तिन्ही क्रेडिट एजन्सींनी स्वतःहून ठरवलेलं कायम आहे: ५०० डॉलरच्या आतली वैद्यकीय थकबाकी दाखवत नाहीत, भरलेली दाखवत नाहीत, आणि न भरलेली वर्ष उलटल्याशिवाय दाखवत नाहीत. त्यापुढे जाऊन सगळंच वैद्यकीय कर्ज काढून टाकणारा केंद्राचा नियम जानेवारी २०२५ मध्ये आला, आणि जुलैत टेक्ससमधल्या न्यायालयाने तो रद्द केला. कोलोरॅडो, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय, न्यू जर्सी अशा अनेक राज्यांचे स्वतःचे मनाई कायदे आहेत. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने असा अर्थ लावला की राज्यांना तसं करता येत नाही. तो वाद चालू राहील. म्हणून "आमच्या राज्यात क्रेडिटला धक्का लागत नाही" या भरवशावर बिल टाकून देऊ नका.

पायरी ७: नकार आला, किंवा अर्धंच माफ झालं

नकाराचं कारण लेखी मागा. निम्म्या वेळा एखादा कागद कमी पडलेला असतो. तो पाठवा. कारण चुकीचं असेल तर पुनर्विचाराचा अर्ज करा.

उरलेल्या रकमेवर घासाघीस करायला लाजू नका. इन्शुरन्स नसेल तर सेल्फ-पे, म्हणजे स्वतःच्या खिशातून भरणाऱ्यांचा, दर मागा, एकरकमी भरल्यास किती कमी करता ते विचारा, आणि जे ठरेल ते लेखी आल्याशिवाय कार्डाचा नंबर देऊ नका. हप्ते घ्यायचे तर बिनव्याजी आणि झेपेल तेवढेच.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा: हे बिल क्रेडिट कार्डावर किंवा दवाखान्यात खपवल्या जाणाऱ्या मेडिकल कार्डावर टाकणं. कार्डावर गेलं की हॉस्पिटलशी तुमचा हिशेब संपतो, सवलतीचा अर्ज निरर्थक होतो, आणि वरची राज्यांची कवचंही बहुतेक गळून पडतात. उरतं ते बँकेचं व्याज.

कलेक्शनचं पत्र किंवा कोर्टाचं समन्स

कलेक्शन एजन्सीचं पत्र आलं की ३० दिवसांत लेखी हरकत घ्या: कर्ज कुणाचं, कुठल्या तारखेचं, किती, हे सिद्ध करा म्हणून सांगा. जुनं बिल असेल तर "वीस डॉलर तरी भरा" या गोड बोलण्याला भुलू नका. अनेक राज्यांत थोडी रक्कम भरली की मुदतबाह्य होऊ घातलेल्या कर्जाची मुदत नव्याने सुरू होते. नॉर्थ कॅरोलायनात ती मुदत ३ वर्षं आहे, न्यू जर्सीत ६.

समन्स आलं तर ते पाकीट बाजूला ठेवणं हीच सर्वांत महाग चूक. न्यू जर्सीत उत्तराला ३५ दिवस, नॉर्थ कॅरोलायनात ३०, काही राज्यांत याहून कमी. उत्तर दिलं नाही की एकतर्फी निकाल लागतो, बिल चुकीचं असलं तरी. दोन्ही राज्यांत कमी उत्पन्नाच्या लोकांना मोफत कायदेशीर मदत मिळते, लीगल एड ऑफ नॉर्थ कॅरोलायना आणि लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सी यांच्याकडून. समन्स हातात पडलं त्याच आठवड्यात फोन करा.

पाहुणे आलेले आई-वडील

त्यांच्यासाठी हे सगळं निम्मंच लागू पडतं. पुष्कळ हॉस्पिटलांची सवलत राज्याच्या किंवा काउंटीच्या रहिवाशांपुरती असते, आणि पर्यटक व्हिसावर आलेला माणूस रहिवासी धरला जात नाही. काही धोरणांत इमर्जन्सीचा अपवाद असतो. न्यू जर्सीच्या चॅरिटी केअरमध्येही बाहेरच्यांसाठी तसा मर्यादित अपवाद आहे. म्हणून धोरणाचा मूळ कागद उतरवून "रहिवासी" हा शब्द कुठे आणि कसा वापरला आहे ते वाचा. फोनवरच्या नकारावर विसंबू नका. त्यांच्या उत्पन्नाचा पुरावा म्हणून पेन्शनचं पासबुक इंग्रजी भाषांतरासह आणि त्या दिवशीच्या डॉलरच्या भावासह द्या.

तिकीट काढतानाच व्हिजिटर इन्शुरन्स घ्या, आणि प्रत्येक आजाराला ठरावीक रक्कम देणारी स्वस्त पॉलिसी टाळा. सासूबाईंच्या क्लेमला "आधीपासूनचा आजार" म्हणून पहिला नकार आला, कारण इमर्जन्सीच्या नोंदीत त्यांच्या जुन्या रक्तदाबाचा उल्लेख होता. पडणं ओल्या फरशीमुळे झालं, चक्कर येऊन नाही, असं डॉक्टरकडून लिहून घेऊन अपील केलं तेव्हा त्यांनी बराचसा भाग दिला. उरलेल्यावर सेल्फ-पे सवलत मिळाली.

मंजुरीचं पत्र आल्यावर

हॉस्पिटलची सवलत इमर्जन्सीच्या डॉक्टरला, रेडिओलॉजिस्टला किंवा भूलतज्ज्ञाला आपोआप लागू होत नाही. ते बहुधा वेगळ्या कंपन्यांचे असतात. धोरण कुणाकुणाला लागू आहे याची यादी ठेवणं हॉस्पिटलला बंधनकारक आहे, ती मागा. यादीत नसलेल्या प्रत्येकाला मंजुरीच्या पत्राची प्रत पाठवून तशीच सवलत मागा. देतात बरेच जण. मंजुरी अनेकदा सहा महिने किंवा वर्षभर चालते, तेव्हा फॉलो-अपच्या बिलांवरही तीच दाखवा.

आणि अर्ज करण्याआधी घाबरून तुम्ही काही रक्कम भरून टाकली असेल, तर ती गेली असं समजू नका. सवलत मंजूर झाल्यावर तुमच्या वाट्यापेक्षा जास्त भरलेले पैसे ना-नफा हॉस्पिटलने परत करायचे असतात. स्वतःहून क्वचित करतात. भरलेल्या रकमेची पावती आणि मंजुरीचं पत्र एकत्र जोडून परताव्याची मागणी लेखी पाठवा.